फायरच्या बाटलीत नेमके काय आहे?

अध्यक्षमहोदय, आणि मिरजोळे, लोटे, जयगड या बाजूंनी हातातली कामे टाकून आलेले कारखानदार, सुरक्षा अधिकारी, बर्फ कारखान्यांचे चालक आणि बोटमालक मित्रहो,

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाला लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचली, आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कित्येक जवान स्फोटात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण हा अग्निशमन सप्ताह पाळतो. या सप्ताहातली व्याख्याने साहजिकच आगीवर असतात. मी मात्र आज आग विझवणाऱ्या द्रव्यावर बोलणार आहे, कारण गेली अनेक वर्षे एक गोष्ट मला खटकते आहे आणि ती ऐकून घेणारी सभा क्वचितच मिळते.

कोणत्याही कारखान्यात गेलो की मी प्रथम रसायनांच्या सुरक्षा-पत्रकांची फाईल मागतो. तीत टोल्युइन असते, कॉस्टिक असते, अमोनिया असतो, चोख सुरक्षा अधिकारी असेल तर फरशी पुसायच्या फिनेलचेही पत्रक असते. पण ज्या लाल बाटल्या प्रत्येक खांबावर टांगलेल्या आहेत, त्यांच्या आतल्या भुकटीचे, वायूचे किंवा फेसद्रव्याचे पत्रक मागितले की समोरचा माणूस माझ्याकडे असा पाहतो, जणू मी भिंतीवरच्या घड्याळाचा जन्मदाखला मागितला आहे. त्या बाटलीत असते तेही रसायनच आहे. ते श्वासात जाते, धातू खाते, दाबाखाली साठवलेले असते, खाडीत उतरते, आणि चुकीच्या जागी सोडले तर जीव घेते. त्यामुळे त्याची खरेदी, साठवण, हाताळणी आणि विल्हेवाट कारखान्यातल्या इतर रसायनांच्याच शिस्तीने व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बाटलीत काय आहे हे न पाहिल्याने काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण रशियाच्या ‘नेर्पा’ या पाणबुडीचे. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात तिच्या चाचण्या चालू होत्या आणि आत २०८ माणसे होती. आग लागलेली नसताना अग्निशमन यंत्रणा सुरू झाली, बंद कप्प्यांत वायू भरला आणि २० जण गुदमरून मेले. यंत्रणेत हॅलॉन जातीचे, म्हणजे ब्रोमिनयुक्त, आग विझवणारे द्रव्य असायला हवे होते. तपासात त्यात टेट्राक्लोरोएथिलीनची भेसळ आढळली. कपडे कोरडे धुण्यासाठी आणि यंत्रावरचे ग्रीस काढण्यासाठी वापरतात तेच हे द्रावण. कागदोपत्री मात्र टाक्या नियमाप्रमाणे भरलेल्या होत्या. अणुपाणबुडीसारख्या ठिकाणी, जिथे खिळासुद्धा सही केल्याशिवाय आत जात नाही, तिथे हे घडू शकत असेल, तर आपल्या आवारात महिन्याच्या अखेरीस टेम्पो घेऊन बाटल्या पुन्हा भरायला येणाऱ्या भरणावाल्याकडून आपण किती खात्री करून घेतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तो टेम्पो हा माझा जुना राग आहे, आणि अध्यक्षांनी परवानगी दिली आहे असे गृहीत धरून मी त्यावर जरा सविस्तर बोलतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला एका काजू कारखान्यात मी सल्ल्यासाठी जात असे. काजूच्या टरफलातले तेल पेटते आणि चिवटपणे जळते, म्हणून तिथे भुकटीच्या बाटल्या भरपूर ठेवल्या होत्या. काही जुन्या, सोडियम बायकार्बोनेटच्या, तेल आणि वायूच्या आगींसाठी. काही नव्या, मोनोअमोनियम फॉस्फेटच्या, ज्यांना आपण ‘एबीसी’ म्हणतो, म्हणजे घन पदार्थ, द्रव आणि वायू या तिन्ही आगींवर चालणाऱ्या. जूनच्या अखेरीस, जुलैचे प्रमाणपत्र द्यायचे म्हणून भरणावाले आले. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी पडवीत ताडपत्री अंथरली, सगळ्या बाटल्या एकाच घमेल्यात रिकाम्या केल्या, गोळे हाताने फोडले, वरून नवी भुकटी मिसळली आणि घमेल्यातले ते सारे पुन्हा सर्व बाटल्यांत वाटून टाकले. नायट्रोजन भरला, दाबाचा काटा हिरव्यात आणला, चिकटपट्टीवर तारीख लिहिली आणि बिल दिले.

रसायनाच्या दृष्टीने पाहा. बायकार्बोनेट अल्कलीधर्मी, फॉस्फेट आम्लधर्मी, आणि पडवीत आषाढाची दमट हवा. हे दोन क्षार ओलाव्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाणी तयार होते, अमोनियाचाही वास येऊ शकतो, आणि ते पाणी उरलेल्या भुकटीचा दगड करते. बंद बाटलीत हाच वायू दाब वाढवतो. पुढे त्या कारखान्यात प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा बाटलीने एक फुसकारा सोडला, चिमूटभर पांढरी धूळ उडाली आणि मग नुसता वारा येत राहिला; नायट्रोजन दगडाच्या भेगांतून निघून गेला आणि भुकटी आत बसून राहिली. मालक शांतपणे म्हणाले, “पण काटा तर हिरव्यात होता!” काटा दाब दाखवतो. भुकटीची अवस्था त्याला कळत नाही, ती कोणत्या जातीची आहे हे तर मुळीच कळत नाही. म्हणून दोन जातींच्या भुकट्या एका उपकरणात, एका घमेल्यात, एवढेच काय एका चाळणीतही येऊ देऊ नयेत. एबीसी भुकटी घेताना तीत मोनोअमोनियम फॉस्फेट किती टक्के आहे ते बिलावर लिहून घ्यावे, कारण बाजारात चाळीस टक्क्यांची भुकटीही मिळते आणि नव्वद टक्क्यांचीही, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. आणि भरणाचे काम शक्यतो पावसाआधी, कोरड्या हवेत करून घ्यावे.

त्याच कारखान्यातला पहारेकरी मला म्हणाला होता, “सायेब, त्याला हात नाय लावायचा, तपासणीला येतात तवा पुसतो मी.” खंडेनवमीला मात्र त्याच बाटल्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, काट्याच्या काचेवर हळदकुंकू लागते आणि सुरक्षा-पिनेभोवती दोरा इतका घट्ट गुंडाळतात की ऐन वेळी पिन सुटू नये. आपण हसता आहात, पण हा दोरा मी आपल्यातल्या काहींच्याच कारखान्यात पाहिला आहे. पूजेला माझी ना नाही. दसरा झाल्यावर दोरा कापावा आणि काच पुसावी.

भुकटीविषयी आणखी एक गोष्ट, जी आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाची आहे. एबीसी भुकटी आगीवर वितळून काचेसारखा थर धरते, म्हणून ती लाकूड-कापडावरही चालते. पण तोच थर विजेच्या पॅनेलवर बसला आणि खाऱ्या वाऱ्याचा ओलावा त्याला मिळाला, तर तांबे आणि ॲल्युमिनियम गंजू लागते. आग छोटी होती, नुकसान मोठे झाले, अशा तक्रारी पुष्कळदा येथूनच निघतात. भुकटी उडाली की पॅनेलची वीज तोडून, मास्क लावून, त्याच दिवशी कोरडी सफाई करावी. पाण्याचा फडका मारू नये. विजेच्या खोलीसाठी मुळात कार्बन डायऑक्साइड निवडावा, आणि त्यामुळे मी आता त्या वायूकडे येतो.

कार्बन डायऑक्साइडला लोक निरुपद्रवी समजतात, कारण आपण तो रोज श्वासातून सोडतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ०.०४ टक्के असते. खोली पूर्ण भरून आग विझवणाऱ्या यंत्रणेत ते किमान ३४ टक्क्यांवर नेतात. माणूस दहा टक्क्यांच्या वर काही मिनिटांतच शुद्ध हरपतो आणि सतरा टक्क्यांच्या पुढे फार लवकर मरतो. म्हणजे आग विझवण्याचे आणि माणूस मारण्याचे प्रमाण यांत येथे सुरक्षित अंतरच नाही. आग विझली असेल तर आतला माणूस त्याआधीच पडलेला असतो. अमेरिकेतील आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत २८ जुलै १९९८ रोजी विजेच्या देखभालीचे काम चालू होते आणि इमारतीत तेरा जण होते. यंत्रणा पॅनेलवरून बंद केली होती, पण झडपेला प्रत्यक्ष कुलूप नव्हते. वायू इशारा न देता सुटला आणि एका कामगाराचा जीव गेला. जनित्राच्या खोलीत किंवा ट्रॉलरच्या इंजिनघरात दुरुस्तीला माणूस उतरण्यापूर्वी झडपेला खिळ घालून कुलूप लावावे, आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात असावी. वायू सुटल्यानंतर तो हवेहून जड असल्यामुळे केबलच्या खंदकात आणि बोटीच्या तळात साचून राहतो. साध्या मास्कने तिथे उतरणाऱ्यालाही बाहेर काढायला मग दुसऱ्या कोणाला बोलवावे लागते.

कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला दाबाचा काटा नसतो, म्हणून ती वजनाने तपासतात. भरलेल्या वायूच्या दहा टक्क्यांहून अधिक घट आली की पुन्हा भरावी. हा वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो, त्यामुळे मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बाटली धोका देते. आणि सोडताना कर्णा, म्हणजे वायू बाहेर पडण्याचे रुंद तोंड, उघड्या हाताने धरू नये: आतला बर्फ उणे ७८ अंशांचा असतो.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. मला वाटले होते अर्धा तास उरला आहे, चिठ्ठीत दहा मिनिटे लिहिली आहेत. तेव्हा ‘नियमबद्ध वापर’ हा पत्रिकेत छापलेला भाग आता धावत सांगतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, नमुना ‘ब’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो. सही करणाऱ्याचा परवाना चालू आहे ना, हे पाहण्याचे काम तुमचे. बाटल्यांच्या निवडीचे आणि देखभालीचे भारतीय मानक आयएस २१९० आहे आणि वहनीय उपकरणांचे आयएस १५६८३. दाबचाचणी भुकटीच्या उपकरणाला तीन वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला पाच वर्षांनी करतात. ही बाटली २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांतही येते, म्हणून ती कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून भरून घेऊ नये. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत सुरक्षा-पत्रकाची जी पद्धत आहे, तीच विझवणाऱ्या द्रव्यालाही लावावी.

कोणत्या आगीवर काय चालत नाही हेही त्याच पत्रकाशेजारी लावावे. सोडियम-मॅग्नेशियमवर पाणीही नको आणि कार्बन डायऑक्साइडही नको. नायट्रेट किंवा क्लोरेट जळत असतील तर ते स्वतःचा ऑक्सिजन स्वतः पुरवतात, तिथे हवा तोडून काही साधत नाही. कढईतल्या तेलासाठी वेगळे ओले रसायन असते, आणि तळणाचे काम करणाऱ्या येथल्या कारखान्यांत ते मला क्वचितच दिसते.

फेसाविषयी: जुन्या फेसद्रव्यात पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन असू शकते. ते निसर्गात विघटन पावत नाही, आणि २००९ साली ते अशा टिकाऊ प्रदूषकांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. २०१९ साली त्याचेच भावंड पीएफओए गेले. सरावाच्या नावाखाली असा फेस नाल्यातून वाशिष्ठीत किंवा खाडीत सोडणे थांबवावे आणि सराव बांध घातलेल्या जागेत, फ्लोरिनविरहित द्रव्याने करावा.

शेवटी हॅलॉन. ओझोनचा थर खाणाऱ्या द्रव्यांसाठी आपल्याकडे २००० चे नियम आहेत आणि विकसनशील देशांत हॅलॉनचे उत्पादन २०१० पासून बंद आहे. त्याच्या जागी आलेला एचएफसी-२२७ईए हा वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारपटींहून अधिक आहे, आणि ज्वाळेत सापडला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. ओझोनविषयक मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारताला २०२८ पासून या एचएफसी गटाच्या वापरावर मर्यादा घालायची आहे, तेव्हा आज सर्व्हर-खोलीसाठी यंत्रणा घेणाऱ्यांनी पुढची वीस वर्षे ती भरून मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ज्यांच्या गोदामात जुन्या पिवळ्या किंवा लाल हॅलॉनच्या बाटल्या पडून असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत आणि हवेतही सोडू नयेत. दिल्लीच्या अग्नी, स्फोटके व पर्यावरण सुरक्षा केंद्रात हॅलॉन साठवून पुन्हा वापरण्याची सोय उभारलेली आहे. तिथे कसे लिहायचे याचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे, शेजारीच भुकटीच्या दोन जातींचे नमुने आणि बाटल्या तोलायचा काटा आहे. आपापली बाटली घेऊन आलेल्यांनी ती आधी तोलून घ्यावी.