काकूंची चंद्रभागा

टेम्पोत आम्ही अकरा जण. मनालीहून निघताना एकमेकांची नावंही धड ठाऊक नव्हती. अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर संपले आणि देवदारांची हिरवाई मागेच राहिली. पुढे लाहौलचे उघडेबोडके कडे. ऑक्टोबर २०२० मध्ये हा बोगदा सुरू झाला. त्याआधी रोहतांग चढल्याशिवाय इकडे येता येत नसे.

तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकमेकींना मिळतात. ड्रायव्हर म्हणाला, "यहाँ से चंद्रभागा।" मागच्या सीटवरच्या सोलापूरच्या काकू लगेच खाली उतरल्या, चपला काढल्या. ही पुढे चिनाब होते, पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, असं कुणीतरी समजावू लागलं.

"असू दे की रे बाळा," म्हणत त्यांनी हात जोडलेच.

इथून रस्ता भागेचा हात धरून चढतो. केलाँग, जिस्पा, दारचा. झाडं संपतात, मग गवतही. बारालाचा खिंडीच्या अलीकडे सूरजताल लागतो, समुद्रसपाटीपासून ४,८०० मीटरच्या वर. भागेचा उगम हाच. काकूंनी तिथे एक बाटली भरून घेतली आणि पदरात गुंडाळून ठेवली.

रात्री मुक्काम सरचूला, आणि इथेच आमचं चुकलं. हवेतला प्राणवायू इथेही २१ टक्केच. पण हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के, म्हणजे श्वासागणिक तो कमीच मिळतो. जिस्पा हजारेक मीटर खाली आहे, पहिली रात्र तिथे काढायला हवी होती. एक दिवस वाचवायचा हावरेपणा, दुसरं काय! दिवसभर स्पीकर लावून नाचणारी पोरं तंबूत डोकं धरून बसली होती. एकाला उलट्या. झोप कुणालाच नाही. काकूंचा आलेपाकाचा डबा मात्र तंबू-तंबूतून फिरत होता. पहाटेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांची नावं पाठ झाली.

सकाळी गाटा लूप्स. एकवीस वळणं, एकावर एक. वाटेत पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकजवळ राहिलेला एक क्लीनर इथे तहानेने गेला, असं ड्रायव्हर लोक सांगतात. त्याच्यासाठी जाणारा-येणारा पाणी ठेवतो.

काकूंनी पिशवीत हात घातला. पिण्याची बाटली होती. ती नाही काढली. पदर सोडला आणि सूरजतालची बाटली त्या ढिगावर ठेवली.

"माझं काय, घरी चंद्रभागा आहेच."