चार कंपन्या, एकच इंजिन: १.३ मल्टिजेट

नमस्कार मंडळी! जुनी स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो, शेव्हर्ले सेल. चार कंपन्यांच्या चार गाड्या, आणि बॉनेट उघडलं की आत इंजिन तेच. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट म्हणायची. गाडीवेड्यांनी तर त्याचं नाव ‘राष्ट्रीय इंजिन’च पाडलं होतं.

जन्मानं मात्र हे परदेशी. फियाट आणि जनरल मोटर्सनं मिळून ते तयार केलं आणि २००३ मध्ये पोलंडच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह.

हा त्याचा पिस्टन. तळहातावर सहज मावतो, कारण सिलिंडरचा व्यास फक्त ६९.६ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८२ मिलिमीटर. सिलिंडर अरुंद ठेवले म्हणून चार एका रांगेत लावूनही इंजिन आखूड राहिलं आणि छोट्या गाडीत आडवं बसलं. आता पिस्टनच्या डोक्यावरचा हा खोलगट भाग बघा. खरी करामत इथे होते.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग त्यात डिझेल फवारायचं. सगळं एकदम फवारलं तर ते धाडकन पेटतं. जुन्या टेम्पोची ती खडखड आठवा, ती यामुळेच. कॉमन रेलमध्ये पंप डिझेल एका जाड नळीत दाबून साठवतो. दाब चौदाशे बारच्या आसपास, म्हणजे आपल्या टायरमधल्या हवेच्या सहाशे पटींहून जास्त! दाब तयारच असल्यामुळे इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे कॉम्प्युटर ठरवतो. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये हे आलं, तेव्हा आधी एक बारीक फवारा आणि मग मुख्य, असे दोनच असायचे. मल्टिजेटमध्ये एका ज्वलनात पाचपर्यंत. सिलिंडरमधला दाब हळूहळू चढतो, आवाज कमी, धूर कमी. माझ्या मते ३१२ सीसीच्या एवढ्याशा सिलिंडरात डिझेल इतकं शहाण्यासारखं वागलं, ते या फवाऱ्यांमुळे.

भारतात स्विफ्ट डिझेल आली २००७ मध्ये. मारुतीनं इंजिन हरियाणातल्या मानेसरला बनवलं, आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावला फियाट-टाटांच्या कारखान्यात.

सगळं गोडच होतं असं नाही हं. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे ताकद, साधारण हॉर्सपॉवरच) इंजिनाचा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली झोपलेला असायचा. घाटात दुसऱ्या गिअरवर वळण घेतलंत, आरपीएम पडले, की गाडी अडखळायची. मग टर्बो जागा झाला की एकदम उसळी! ९० पीएसच्या इंजिनात वेगानुसार आतली पाती वळवणारा टर्बो आला आणि हा त्रास बराच कमी झाला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले. त्यासाठी काजळीचा फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा. लहान गाडीच्या किमतीत हा खर्च बसेना. मारुतीनं डिझेलच सोडलं.

यातली सेकंडहँड गाडी बघायला जाणार असाल, तर मालकाला आधीच सांगा, इंजिन गार ठेवा. स्वतः चावी फिरवा आणि पहिले काही सेकंद कान द्या. यात व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे; ऑइल वेळेवर बदललं नसेल तर ती सैल पडते आणि खुळखुळते. तसा आवाज आला, तर चेनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.