दळण

[काळोख. फक्त जात्याची घरघर. मग चुलीचा उजेड.]

पहाटेचे सव्वाचार. पुणे जिल्ह्यातलं मुळशी खोरं. आजी दळायला बसल्यात.

त्या आपल्यासाठी बसल्यात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एरवी या घरचं दळण पौडला गिरणीवर जातं. हे जातं पडवीत सरपणाखाली पडून होतं. काल दोघा नातवांनी ते ओढून काढलं, धुतलं, तेव्हा तळीखालून एक विंचू निघाला. कॅमेरा सुरू होईपर्यंत तो पसार झाला होता.

आता हात बघा. उजव्या हातात खुंटा, डावा सुपात. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात पडते, तीन-चार फेरे होतात, पुन्हा मूठ. या मुठीला घास म्हणतात, कुठे वैरण म्हणतात. घास मोठा पडला की पीठ भरड येतं. लहान पडला की दगडावर दगड घासतो आणि भाकरीत कचकच लागते. किती टाकायचा ते हातालाच ठाऊक. आजींचा हात कित्येक वर्षांत या कामावर नाही, तरी एकदाही चुकला नाही.

शंभर वर्षांपूर्वी गावातल्या बहुतेक घरांची सकाळ अशीच सुरू व्हायची. देशावर ज्वारी-बाजरी, इथे मावळात तांदूळ आणि नाचणी. खाणारी तोंडं आठ-दहा असली तर पायलीभर तरी दळायला लागायचं. आणि एकदाच बसून आठवड्याचं दळून ठेवू म्हटलं तर जमत नसे. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून रोज. सणाला, तापात, पोट पुढे आलेलं असताना. सासू-सून नाहीतर जावा-जावा समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. लग्न निघालं की याच जात्याला हळकुंड-सुपारी बांधून सवाशिणी हळद दळायच्या.

[दिवस. हातोडी-छिन्नीचा आवाज. महामार्गाची कड.]

जातं म्हणजे दोन तळ्या. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा. खालच्या तळीच्या मधोमध लोखंडी खीळ. वरची तळी त्या खिळीवर तोललेली. तिला मध्ये तोंड आणि कडेला खुंट्याचं भोक. दोन्ही एकमेकींवर गच्च बसल्या तर जातं हलणार नाही. जास्त उचलली तर दाणा तसाच बाहेर. डाळ भरडायची असली की खिळीपाशी चिंधी घालून वरची तळी केसभर उचलायची, एवढीच काय ती यंत्राची जुळणी.

हा घाव नीट ऐका. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग दाणा नुसता घरंगळतो. तेव्हा तळीला टाकी लावायची. छिन्नी तिरपी धरून हलके, जवळजवळ घाव. जोरात बसला तर दगडाची ढलपी उडते आणि तळी वाया. पूर्वी ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत माणसं दारोदार फिरायची. टकारी या जमातीच्या नावातच ती टाकी आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आधार घेऊन इंग्रज सरकारनं ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांत टकारीही सापडले. त्या कायद्यातून सुटका झाली ती १९५२ साली.

आपल्यासमोरचे हे कारागीर मोठी जातीही घडवतात. पण मोठं जातं आता क्वचितच जातं. खपतं ते हे, वीतभर उंचीचं. रुखवतात मांडायला. यात हळदीचं एक कांडंसुद्धा दळलं जाणार नाही. तरी यालाही ते टाकीचे घाव घालतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “त्याशिवाय जातं कसं म्हणायचं?”

[मुळशी धरणाचा जलाशय, वरून.]

आता थोडं मागे. १९२१. टाटांचं धरण या खोऱ्यात यायचं ठरलं आणि शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. तरी धरण झालंच. पाणी डोंगर उतरून खाली कोकणात भिऱ्याला गेलं, १९२७ पासून तिथे वीज तयार होऊ लागली, आणि ती वीज गेली मुंबईला. तिथल्या कापडगिरण्यांना वीज पुरवायची, हाच टाटांच्या घाटातल्या धरणांमागचा मूळ हिशोब.

मराठीत कापडाचीही गिरणी आणि पिठाचीही गिरणी. ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढवून मुंबईची गिरणी फिरली, त्यांच्या बायका पुढे कित्येक वर्षं हातानं दळत राहिल्या.

[गिरणी. पट्टा, चाक, पिठाचा धुरळा.]

पिठाची गिरणी खेड्यात आली ती बहुतेक ठिकाणी आधी तेलावर. पत्र्याची खोली, इंजिन, लांब पट्टा. तिचा पुक-पुक आवाज रानापर्यंत जायचा. तो थांबला की गिरणी बंद झाली हे सगळ्यांना कळायचं. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. मग हळूहळू गावोगाव खांब रोवले गेले आणि इंजिनाच्या जागी मोटर बसली.

हे गिरणीवाले. भुवया पांढऱ्या आहेत त्या वयानं नव्हे. कापडी नळ्यातून पीठ डब्यात पडतंय. डब्याला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. आणि ही ताई काय सांगतेय ते ऐकण्यासारखं आहे: “दादा, माझं गव्हावर टाकू नका. भाकरीचं दळण झालं की मगच टाका.” आधीच्या दळणातलं मूठभर पीठ दगडात अडकतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, म्हणून ही काळजी. गावात कोण कोणाच्या मागे नंबर लावतं, यालाही एक इतिहास आहे. त्याचं चित्रण आपल्याकडे नाही.

दोन तासांचं काम काही मिनिटांत होऊ लागलं. बायकांची पाठ-खांदे सुटले, मुलींची पहाट मोकळी झाली. चांगलंच झालं.

[पुन्हा आजी. जातं फिरतंय.]

पण या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण आता कुठल्याही कामाला लावतो. इथे ती अक्षरशः खरी होती. माहेरची वाट, पाठचा भाऊ, पंढरीची वारी, नवऱ्याचा मार, गेलेलं लेकरू. दिवसभर ज्या घरात तोंड उघडायची सोय नाही, तिथे पहाटे जात्याच्या घरघरीआड सगळं बोलता यायचं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून आजही एक जातं दाखवतात. विठ्ठल तिच्यासोबत दळू लागला, अशी कथा. देवानं यायचं तर दळायलाच यावं असं बायकांना वाटलं, यात नवल ते काय!

या ओव्या आज हाती आहेत त्या मुख्यतः दोघांमुळे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्याचे झालेले गी प्वातव्हाँ. ऐंशीच्या दशकापासून ते याच मुळशी-मावळातल्या डोंगरवाड्यांवर, गावातल्याच बायकांना सोबत घेऊन हिंडले. पुढे काम राज्यभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या, हातानं उतरवलेल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बायकांनी याच चालीत बाबासाहेब गायले, तेही ध्वनिमुद्रित झालं. प्वातव्हाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून या ठेव्यातल्या ओव्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कोणालाही वाचता-ऐकता येतात.

लिहून घेतलेल्या ओव्या वाचताना एक गोष्ट हाती लागत नाही. ओळीच्या मध्येच येणारा श्वास. घास टाकायला हात उचलला की आवाज क्षणभर थांबतो, तो.

आजींना विचारलं, “आजी, गिरणीवर उभं असताना कधी ओवी आली का हो?”

“तिथं काय ऐकू येतंय, बाबा? नि माणसं असत्यात की.”

सूप रिकामं होत आलंय. शेवटचे दोन घास. मग आजी वरची तळी कलती करतील, कुंच्यानं कडेचं पीठ झाडून घेतील. आजच्या दुपारच्या भाकरीपुरतं. उरलेलं दळण नातू दहाला मोटारसायकलवर पौडला नेईल; डबा दाराशी भरून ठेवलेला आहे.

[आजींची ओवी, पूर्ण. इथे निवेदन नाही.]