कंदिलाच्या टाकीला भोक पाडू नका

नमस्कार श्रोतेहो. माळ्यावरचा जुना कंदील खाली काढायचा, त्यात बल्ब बसवायचा आणि ओसरीत टांगायचा, ही हौस हल्ली आपल्या नागपुरात बरीच दिसते. जरूर करा. फक्त टाकीला भोक पाडू नका.

आमच्या महाल भागातल्या मामाजींनी उमरेडच्या घरून एक जर्मन कंदील आणला. वायरमननं टाकीच्या बुडाला भोक पाडलं, वायर वर घेतली, बर्नरच्या जागी होल्डर बसवला. झोकदार दिसायचा! आल्यागेल्याला चहाआधी कंदील दाखवला जायचा. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं न् लाइन गेली. भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "भाऊजी, तुमच्याकडे तर कंदील आहे, लावा नं!" मामाजी गप्प. मग काकूच आपला काजळलेला कंदील घेऊन आल्या आणि त्या जर्मनाशेजारी, त्याच कडीला टांगून गेल्या. "सकाळी पाठवून द्या," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मामाजी इतवारीच्या बाजारात! भोकाला डाख मारून आणला, रॉकेल भरलं, खाली वाटी ठेवली. सकाळी रॉकेल वाटीत. पत्रा गंजून पातळ झालेला, डाख धरेना.

म्हणून पुन्हा सांगते, टाकीला भोक नको. टाकीतलं रॉकेल काढून टाका, मग ती साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा. बर्नर फिरवून काढा आणि जपून ठेवा. वायर वरून, टोपाच्या झरोक्यातून आत सोडा; पत्र्याची धार वायर कापते, तिथे रबरी वायसर घाला. छोटा होल्डर काचेत लोंबू द्या. कंदिलाचं वजन साखळीवर, वायरवर नाही. आणि अंग पत्र्याचं, म्हणून तीन तारांची वायर घ्या, अर्थिंगची तार पत्र्याला स्क्रूनं कसा.

बल्ब एलईडीचाच, तीन-चार वॅटचा, पिवळसर. जुना साठचा बल्ब कोंडलेल्या काचेत फार तापतो. पांढरा तर मुळीच नको. लोक बैठकीत पांढराफक्क उजेड लावून दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसतात! हॉटेलांचं उलट, तिथले कंदील इतके मिणमिणते की ताटात सावजी रस्सा आहे की वरण, कळत नाही.

बल्ब घेण्याआधी काच उचलून तोंड मोजा. अरुंद असेल तर मेणबत्तीच्या आकाराचा बल्ब मावतो. आणि ज्यांच्या टाकीला आधीच भोक पडलंय, त्यांनी त्यात पुन्हा रॉकेल भरायच्या भानगडीत पडू नये.