वाण्याला नेमकं कोण उठवतंय?

(ठाण्यातल्या एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सवलतीची दुकानं आणि बदलती बाजारपेठ’. आधी जरा हात वर करा. या महिन्याचं वाणसामान डीमार्टमधून कोणी आणलं? बघा, अख्खी दुसरी रांग! आणि यातल्याच दोघांनी मघाशी दारात गाठून मला सांगितलं, “वाण्यांची बाजू जरा जोरात मांडा हो.”

मी उभी नोकरी साबणाच्या कंपनीत विक्रीची केली. नौपाड्यातली दुकानं मी गल्ल्याच्या आतल्या बाजूने बघितली आहेत. आमचे शेठ गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. बायको फोनवर यादी सांगायची आणि शेठ पलीकडून हुज्जत घालायचे. “वहिनी, तूरडाळ दोन किलो? मागच्या महिन्यात पाहुणे होते म्हणून दिली. गेले ना ते?” ही म्हणायची, “अहो, गेले.” “मग एक किलो लिहितो.” आणि लिहायचेसुद्धा! गिऱ्हाइकाचा माल कमी करणारा दुकानदार विक्रीच्या कुठल्याही प्रशिक्षणात आम्हाला शिकवला नव्हता. पैसे वहीत, महिनाअखेरीला. वहीवर आमच्या घराचं नाव ‘साबणवाले’. अजून तेच आहे.

आता दुसरी बाजू. रविवारी संध्याकाळी आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. गेलो पाच किलो साखरेला. साखर सगळ्यात आत, मागच्या भिंतीला. तिथवर जाईपर्यंत ट्रॉलीत दोन बादल्या, पायपुसणी आणि नातवाच्या मापाचा नसलेला टी-शर्ट. बिलाच्या रांगेत माझ्या पुढच्या गृहस्थांच्या पोह्यांच्या पाकिटावर बारकोडच नव्हता. बिल करणारा मुलगा पाकीट घेऊन जो आत गेला तो गेलाच. मागून एक आजी म्हणाल्या, “पोहे भिजवायला गेलाय वाटतं.” बाहेर पडताना पहारेकऱ्याने बिलाला भोक पाडलं. मी हिला म्हटलं, “शेठने कधी भोक पाडलं का?” ही म्हणाली, “शेठने कधी एमआरपीवर सूट दिली का?” मंडळी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाळ्या तिला द्या, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

(चिठ्ठी येते.) अध्यक्ष म्हणतात, पाच मिनिटं उरली. मुख्य मुद्दा तर अजून पिशवीतच आहे! भराभर सांगतो.

आपण मालाच्या भावावर भांडतो. माझ्या मते खरा हिशोब भाड्याचा आहे. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ मध्ये नायगावात सुरू झालेलं सहकारी भांडार, त्यामुळे ‘स्वस्त दुकान’ ही कल्पना परदेशातून आली असं समजू नका. तिथली पद्धत त्यांना पटली नाही. २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट निघालं. कंपनीची कचेरी आता आपल्याच वागळे इस्टेटमध्ये आहे, म्हणजे शिव्या द्यायच्या तरी गावातल्या गावात. त्यांनी शक्यतो जागा विकत घेतल्या आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते केले. आम्हा विक्रीवाल्यांना रोख देणारा दिसला की आम्ही भावात वाकतो. २०१७ मध्ये कंपनीने २९९ ला विकलेला शेअर बाजारात पहिल्याच दिवशी ६०४ ला उघडला. काही जण हसताहेत, त्यांना लागला असावा.

उलट बिग बझार बघा. भाडी थकली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत, ज्या जागांचे करार रिलायन्सकडे गेले होते, ती दुकानं रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली.

आता आमचे शेठ. ते कसे टिकले? पागडीवर, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या भाड्याच्या जागेवर! १९४७ च्या भाडे कायद्याचं संरक्षण १९९९ च्या कायद्यातही राहिलं. भाडं नाममात्र, म्हणून उधारी परवडते. डीमार्टला भाड्याची झळ नाही, शेठलाही नाही. शेजारी दोघेही नांदले. शेठच्या मुळावर येतोय तो आपल्या इमारतींचा पुनर्विकास. इमारत पाडली की दुकान तीन-चार वर्षं बंद किंवा लांब. तेवढ्यात गिऱ्हाइकाला काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपची सवय लागते. नव्या टॉवरला तळमजल्यावर पार्किंग, उरलेल्या गाळ्याचा देखभाल खर्च साबण-डाळीच्या मार्जिनमधून निघत नाही. शेवटी तिथे बँक येते, नाहीतर मोबाइलचं दुकान.

तेव्हा सोसायटीच्या सभेत बिल्डरला स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी विचारता ना, त्याच दिवशी खालच्या दुकानदाराला मधल्या काळात जागा कुठे देणार आणि नंतर देखभाल कुठल्या दराने लावणार, हेही विचारा आणि करारात लिहून घ्या. गोखले रोडच्या आतल्या आमच्या इमारतीची सभा येत्या रविवारी आहे.

प्रश्न विचारा. फक्त कांद्याचा भाव विचारू नका, तो वाशीलाही कोणाला सांगता येत नाही.