मेहरूणची फेरी

(दृश्य : पहाट. मेहरूण तलाव. पाण्यात पलीकडच्या दिव्यांची थरथरती रांग.)

जळगावात मे महिन्यातली सकाळ फार थोडी असते. पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि आठ वाजले की ऊन पाठीला चटके देऊ लागतं. दुपारी पारा 45 च्या आसपास. त्यामुळे मोकळ्या हवेत जे काही करायचं, ते खान्देशातल्या माणसाला या दोन तासांतच उरकून घ्यावं लागतं. चालणं, पळणं, योगासनं, नातवाला सायकल शिकवणं, गुडघेदुखीच्या गप्पा, सगळं इथेच, याच काठावर, याच वेळेला.

थंडीत असं नसतं. डिसेंबरात सूर्यच सातच्या आसपास उगवतो. माणसं सावकाश येतात, दहा वाजेपर्यंत रेंगाळतात. रस्त्याकडेला टोपलीत मेहरूणची बोरं असतात. तेव्हा तलाव सगळ्यांना पुरतो. उन्हाळ्यात मात्र माणसं तितकीच आणि वेळ कमी.

(दृश्य : सूर्योदय. निवेदन थांबते.)

या चौघींकडे बघा. साडीवर स्पोर्ट्स शूज, एकीच्या हातात पाण्याची बाटली. एका ओळीत चालतात, अर्धा रस्ता अडतो. ‘एकामागे एक चाला’ असं त्यांना सांगणारे खूप भेटतात. पण बोलत चालायचं तर शेजारी-शेजारीच चालावं लागतं. सकाळची ही फेरी घरातल्या कामाच्या आधीची आहे. त्यांचं दिवसभरातलं मोकळं बोलणं बहुतेक इथेच होतं.

आता मागून येणारा आवाज ऐका.

(आवाज : फ्रीव्हीलची टकटक, जवळ येत जाणारी.)

आठ सायकली. हेल्मेट, रंगीत जर्सी, अर्ध्या अंधारातही डोळ्यांवर गॉगल. महागड्या सायकलींच्या मागच्या चाकाला असा मोठा आवाज असतो आणि चालवणाऱ्याला तो आवडतो. त्याला वाटतं, आवाज येतोय म्हणजे लोकांना कळलं. पण पाठ करून चालणाऱ्या माणसाला हा आवाज कसला, हेच उमगत नाही. मग शेवटच्या क्षणी आरोळी येते, “साइड! साइड!”

हे दृश्य आम्ही हळू करून किती वेळा पाहिलं असेल. दोघी डावीकडे सरकल्या. एक उजवीकडे. चौथी जागच्या जागी उभी. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. ‘साइड’ म्हणजे कुठली बाजू, ते आरोळीत नसतंच. शिवाय मागून कुणी ओरडलं की माणूस आधी मान वळवून मागे बघतो, आणि ज्या अंगाला मान वळते, त्या अंगाला पाऊलही थोडं झुकतं. उजव्या खांद्यावरून मागे बघणारी बाई नकळत उजवीकडे, म्हणजे सायकलच्याच वाटेवर येते.

आम्ही काठावर फक्कीच्या रेघा मारल्या. मैदानावर कबड्डीसाठी मारतात तशा. ताशी 30 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापते. समोर काहीतरी आलंय हे डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सायकल या रेघेपासून त्या रेघेपर्यंत पोचलेली असते. एवढ्या वेळात चालणारा माणूस जेमतेम दीड मीटर सरकतो. वेग निम्मा, म्हणजे 15 केला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर निम्मं नाही, पाव होतं. सायकल कितीही भारी असो, हा हिशेब तोच राहतो.

गेल्या उन्हाळ्यात याच वळणावर एका आजींना धडक बसली, मनगट मोडलं; त्या आता फिरायला येत नाहीत.

(दृश्य : शनिपेठ. अरुंद दुकान. दारात उलटी टांगलेली काळी सायकल.)

शनिपेठेतलं हे दुकान. यांना सगळे चाचा म्हणतात. दुकानात पंखा आहे, पण चाक फिरवून बघताना वाऱ्याने हलू नये म्हणून ते तो बंद ठेवतात. समोरची सायकल अ‍ॅटलस आहे. हरियाणातल्या सोनिपतला 1951 साली ही कंपनी सुरू झाली. पुढे भारतातल्या कितीतरी घरांत पहिलं वाहन हेच होतं. 3 जून 2020 ला साहिबाबादचा त्यांचा कारखाना बंद पडला. 3 जून म्हणजे जागतिक सायकल दिन. चाचांना ही तारीख तोंडपाठ आहे.

तेच साल लॉकडाऊनचं. जिम बंद, घरात कोंडलेली माणसं, आणि गिअरच्या सायकलींना एकदम आलेली मागणी. पैसे हातात घेऊन दुकानाबाहेर उभं राहिलं तरी सायकल मिळत नव्हती. तलावावर दिसणाऱ्या या सायकलींपैकी बऱ्याच त्या वर्षानंतरच्या. आणि तेव्हापासून चाचांच्या दुकानात एक नवीन काम यायला लागलं. हा डबा बघा.

(दृश्य : फळीवरचा तुपाचा जुना पत्र्याचा डबा. चाचा तो गोणपाटावर उलटा करतात.)

घंट्या. सगळ्या नव्या. कितीतरींवर ओरखडासुद्धा नाही. माणूस नवी सायकल घेऊन येतो आणि सांगतो, चाचा, स्टँड काढा, चेनकव्हर काढा, घंटी काढा. का, तर वजन होतं. यातली एक घंटी आम्ही शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. शंभर ग्रॅमसुद्धा भरली नाही. पाण्याची बाटली तिच्या कितीतरी पट जड असते, ती मात्र कुणी काढत नाही.

खरं कारण वजन नाही. माझ्या स्वतःच्या सायकलची घंटी मी पहिल्याच आठवड्यात काढली होती. ग्रुपमधल्या एकाने म्हटलं, घंटी पोरांच्या सायकलवर शोभते. एवढं पुरलं. ती घंटी या ढिगात असेल. मी शोधली, ओळखू आली नाही.

चाचा एक घंटी उघडतात. वरची टोपी फिरवून काढतात. आत बघा, जरा जवळून. अंगठ्याने दाबायची पट्टी. तिला परत मागे ओढणारी स्प्रिंग. पट्टीने फिरणारी ही दातेरी चाकं. आणि मधोमध एक आडवी पत्ती, तिच्या दोन टोकांना सैल अडकवलेल्या दोन छोट्या चकत्या. अंगठा दाबला की दाती फिरते, पत्ती गरगरते, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि टोपीला आतून आपटत जातात. ट्रिंग-ट्रिंग म्हणजे त्या दोन चकत्यांचं आपटणं. त्या सैल आहेत म्हणून घंटी वाजते. गंज चढून घट्ट झाल्या की नुसती खरखर.

चाचा काडीच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडतात. एकच. जास्त घातलं तर धूळ धरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात धुळीला काय तोटा. पट्टी चारदा दाबून बघतात, टोपी लावतात, पुन्हा दाबतात. त्यांचा चेहरा बघा.

(आवाज : घंटी. मग शांतता.)

आता तलावाजवळची चहाची टपरी. फेरी संपली की सगळे इथे थांबतात. बोलणं नेहमीच्याच वळणाने जातं. कितीला घेतली? फ्रेम कशाची? वजन किती? गिअर किती? आज किती किलोमीटर झाले? मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये या काठाच्या फेरीची वेळ नोंदली जाते, कोण किती सेकंदांनी पुढे ते दिसतं. गर्दीतून वाट काढत आलेल्या माणसाचं त्या यादीत कौतुक होतं. कुणासाठी थांबलेला माणूस यादीत खाली जातो.

आणि या टपरीपासून चार हातांवर सायकल लावून एकटे चहा पिणारे हे काका. निवृत्त शिक्षक, मूळचे पारोळ्याकडचे. सायकल जुनी, काळी, सळईच्या ब्रेकची. अशा सायकलच्या पुढच्या चाकाला 32 तारा असतात आणि मागच्याला 40, कारण ओझं मागे असतं. काकांनी या कॅरिअरवरून धान्याची पोती वाहिली, दोन मुली शाळेत सोडल्या. गेल्या वर्षी एका रविवारी ते ग्रुपबरोबर जायचं म्हणून पहाटे येऊन उभे राहिले. त्यांना सांगितलं गेलं, काका, ही सायकल चालणार नाही, आमचा वेग मोडेल. कुणी वाईट शब्द वापरला नाही. काका एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

वेगाने जाणाऱ्या पोरांना ते अहिराणीत म्हणतात, “हाऊ तलाव काय पयी नही जास, भाऊ.” हा तलाव काही पळून जात नाही.

(दृश्य : अजिंठा चौफुली. सकाळचे सव्वासात. ट्रक, रिक्षा, त्यांच्या मधून सायकली.)

एमआयडीसीची रात्रपाळी सुटलीय. चटईचे कारखाने, डाळमिल. हँडलला डबा लटकवलेला, डोळ्यांत झोप. यातले कित्येक जण वर्षानुवर्षं रोज सायकल चालवताहेत, उन्हात, पावसात, ट्रकच्या बाजूने. शहरातल्या कुठल्याही जर्सीवाल्यापेक्षा यांचे किलोमीटर जास्त भरतील. पण ‘सायकलिस्ट’ म्हटलं की यांचा फोटो कुणी लावत नाही. या दादांचा हात बघा, वळायच्या आधी बाहेर काढलेला. मागचा ट्रक हळू झाला. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. रस्त्याने शिकवलं.

(दृश्य : महामार्ग. अंधार. एक लुकलुकता लाल दिवा, चकाकणारं जाकीट.)

वेगाचं वेड असणं वाईट नाही, हेही सांगायला हवं. ही सायकल बीआरएमची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची आहे. ठरावीक वेळेत लांबचं अंतर कापायचं : 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. चहा, पंक्चर, झोप, सगळं त्यातच. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. रात्री पुढे-मागे दिवा आणि चकाकणारं जाकीट नसेल तर चालवूच देत नाहीत. मदतीला मागे गाडी नाही. पंक्चर स्वतः काढायचं.

या ताईंनी 400 पूर्ण केलं आहे. महामार्गावर त्यांच्या मागे राहणं आमच्या मोटारसायकलवरच्या कॅमेरावाल्याला जड गेलं. त्याच ताई दुसऱ्या दिवशी तलावावर.

(दृश्य : मेहरूणचा काठ. तीच सायकल, चालण्याच्या वेगाने.)

इथे त्या एवढ्याच वेगाने जातात. सायकल इतकी सावकाश चालवायची आणि तोल जाऊ द्यायचा नाही, हे जमायला हात लागतो. पाय न टेकता एका लहान पोराच्या मागे त्या किती वेळ थांबल्यात बघा. आम्ही मोजलं, अकरा सेकंद. जोरात जायचं असलं की त्या शिरसोली रस्त्याने जैन हिल्सच्या चढाकडे निघतात. तलाव त्यांच्या लेखी चालणाऱ्यांचा आहे. गणेश घाटापाशी गर्दी असली तर त्या उतरून सायकल हातात धरून चालतात. घाटावरच्या कुणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

त्यांच्या हँडलला घंटी आहे. पितळी, छोटी, चाचांच्या हातची.

(दृश्य : शनिपेठ. चाचा एका तरुणाच्या कार्बनच्या सायकलला घंटी बसवताहेत.)

हा त्या आठ जणांपैकी एक. ते हळू केलेलं दृश्य आम्ही त्याला दाखवलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आला. हँडल जाड, घंटीची पट्टी पुरेना. चाचांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून आत घातला, लांब स्क्रू लावला, पाच मिनिटं खटपट केली. डाव्या हाताच्या अंगठ्याला सहज पोचेल अशी बसवली, म्हणजे वाजवताना ब्रेकवरची बोटं उचलावी लागत नाहीत.

(दृश्य : तलाव. त्याच चौघी. पाठीमागून तो येतो आहे.)

वीस पावलं लांब आहे. वेग कमी केला. एकदाच वाजवली.

(आवाज : घंटी.)

कुणी दचकलं नाही. कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पलीकडच्या दोघी दोन पावलं मागे राहिल्या, दोघी पुढे, उजवीकडे वाट झाली. तो गेला. चौघी पुन्हा एका ओळीत. बाटलीवाल्या ताईंचं काहीतरी सांगणं चाललंय, ते मधे कुठेच थांबलेलं नाही.

चाचांच्या डब्यात अजून भरपूर घंट्या आहेत. ज्याला हवी त्याने न्यावी, ते पैसे घेत नाहीत. फक्त महिन्याभराने तेलाच्या थेंबासाठी पुन्हा यायला सांगतात.