घरातली शाळा आणि फुगडीची जोडी

श्रोतेहो, नमस्कार.

परवा फोंड्याच्या बाजारात जुनी मैत्रीण भेटली. म्हणाली, "तुझी भाची पोरांना शाळेत घालत नाही म्हणे? घरीच ट्यूशन लावलंय काय?" म्हटलं, ट्यूशन नव्हे गो. पण मग काय, हे भाजीची पिशवी हातात धरून सांगता येईना. ते आज सांगते.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. भाचीनं हे ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. आता महिन्यातून दोनदा जुन्या गोव्याला फेरीबोट धरते आणि दिवाडी बेटावर जाऊन तिची पोरं काय करतात ते बघते.

पहिल्यांदा तिनं शाळाच घरात आणली. भिंतीवर वेळापत्रक, नऊला गणित, दहाला मराठी. दोन महिन्यांत आईची बाई झाली आणि पोरं रुसली. अहो, वर्गात पस्तीस जण असतात म्हणून घंटा लागते. दोघांना घंटा कशाला?

मग तिला शार्लट मेसन सापडल्या. या इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ 1923 साली वारल्या, पण घरी शिकवणारे पालक आजही त्यांची पद्धत वापरतात. लहानांचा धडा पंधरा-वीस मिनिटांचाच, रोज बाहेर हिंडायचं, पाहिलेलं वहीत काढायचं. आणि वाचून झालं की पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. मला हसू आलं. देवळातलं कीर्तन ऐकून घरी आलो की आजी विचारायची, "बुवांनी आज काय सांगितलं?" पेंगत ऐकलं असेल तर तिथेच पकडले जायचो.

हिंडायला दिवाडीत खाजन शेतं आहेत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतं. थोरला मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, तासन्‌तास बसायचा. भरतीचं पाणी रेटलं की मानशीचं दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला ते उघडतं, आतलं पाणी नदीत जातं. कुणी हात लावत नाही, मग दाराला कळतं कसं? या एका प्रश्नावर त्याचा महिना गेला. रोज भरतीची वेळ लिहू लागला, तेव्हा ती दर दिवशी पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते हे त्याचं त्यालाच दिसलं. मग त्यानं चंद्राचं पुस्तक मागून घेतलं. मी चंद्राच्या कला फळ्यावर वर्षानुवर्षं काढल्या, पण पुस्तक कुणी मागितलं नव्हतं.

याच्याही पुढे जाणारे लोक आहेत. अमेरिकेतल्या जॉन होल्ट यांनी 1977 च्या सुमारास 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ केला. अभ्यासक्रमच नाही, मुलाचं कुतूहल जाईल तिकडे जायचं. इथे मी अडखळते. कुतूहलामागे धावायला घरात कुणीतरी रिकामं हवं. आई-बाप दोघंही कामावर आणि पोर मोबाईलवर, याला अनस्कूलिंग म्हणू नये. कुणी लगेच बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचा दाखला देतात, की सांखवाळचा हा माणूस फारशी शाळा न शिकता हार्वर्डपर्यंत पोचला. खरं आहे. पण विद्येसाठी त्यांनी घर सोडलं, पुणं, काशी, नेपाळ, श्रीलंका पालथी घातली, हे सांगायला ते विसरतात.

कायद्याचं विचाराल, तर 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात नाही आणि घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच विषय पाच वर्षांत सवडीनं सोडवता येतात. कागदपत्रं वेळेत जमवा, ऐनवेळी धावपळ नको.

गेल्या खेपेला धाकटी धक्क्यावर मला न्यायला आली होती. म्हणाली, "मला शाळेत जायचंय." मी मनातून खूश, पण तोंडावर दाखवलं नाही. कारण विचारलं.

"गणपतीच्या चवथीला फुगडी घालायला जोडी नाही ना. दादा गरगरतो आणि पडतो."

भाचीनं तिचा अर्ज भरलाय. थोरला म्हणतो, मी घरीच बरा.